आमच्या घरातलं कॉकटेल

मार्चअखेरीला आईचा फोन आला तेव्हा मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून नोट्स काढत होते. "घरी पाहुणा आलाय," ती म्हणाली. पाठोपाठ तिच्या मागून कुणीतरी असं किंचाळलं, की मी फोन कानापासून लांब धरला.

"कोण ओरडतंय?"

"तोच पाहुणा. चाचांचा पोपट. आता आपल्याकडंच राहणार."

मी पुढं काही विचारायच्या आत तिनं फोन ठेवला. त्या आवाजात काही ऐकूच येत नव्हतं म्हणे.

परीक्षा संपवून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी घरी निघाले. पुण्याहून निघालेली गाडी भुसावळ सोडते, रावेरच्या केळीच्या बागा मागं पडतात, स्टेशनच्या पाट्यांवरचं मराठी जाऊन हिंदी येतं आणि तरी डब्यातली माणसं मराठीच बोलत असतात. मग समजायचं, बुऱ्हाणपूर आलं. आमचं घर लालबागेत, गल्लीच्या टोकाला आहे. रिक्षा गल्लीत वळली तेव्हाच तो आवाज ऐकू आला. रिक्षावाला हसून म्हणाला, "किसी के कुकर की सीटी अटक गई लगता है." मी काही बोलले नाही. तो कुकर आमचाच होता.

पोपट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर हिरवा रंग, लाल चोच आणि गळ्यातला कंठ होता. पिंजऱ्यात भलताच कुणीतरी बसला होता. राखाडी अंग, पिवळं तोंड, दोन्ही गालांवर नारिंगी टिकल्या आणि डोक्यावर तुरा. नाव नवाब. हा कॉकटील, ऑस्ट्रेलियातल्या पोपटांच्या कुळातला. आमच्या गल्लीत मात्र त्याला कुणीही कॉकटील म्हणत नाही. सगळे म्हणतात कॉकटेल. दूधवाल्यानं पहिल्याच दिवशी आईला ऐकवलं होतं, "भाभी, ख्रिश्चन लोगों के घर में कॉकटेल तो होगा ही!" माझे पप्पा नाताळातसुद्धा वाइनला हात लावत नसत, हे त्याला कोण सांगणार?

पप्पांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. बुऱ्हाणपुरात यंत्रमाग भरपूर, म्हणून जळालेल्या मोटरीही भरपूर. चाचांच्या घरात खालच्या खोलीत दोन माग होते. त्यांची मोटर बंद पडली की ती सायकलच्या कॅरिअरला बांधून ते दुकानात यायचे. मोटर दुरुस्त होईपर्यंत दोघं चहा पीत बसायचे. असं वीस वर्षं चाललं. ईदला आमच्याकडं शीरखुर्मा यायचा, नाताळात त्यांच्याकडं आईच्या करंज्या जायच्या. गेल्या जुलैत पप्पा गेले. पाऊस पडत होता. कबरीवर माती लोटायला आमच्या नातेवाइकांच्याही आधी चाचा पुढं झाले होते, हे मला अजून दिसतं.

यंदा चाचांनी दोन्ही माग भंगाराच्या भावानं विकले आणि ते बायको, सून आणि नातीसह सुरतेला मुलाकडं गेले. तिथं एका खोलीत सगळी मिळून सहा माणसं. पक्ष्याला जागा कुठं? जायच्या आदल्या दिवशी ते पिंजरा घेऊन आमच्या दारात आले. आईनं 'हो' म्हटलं.

इथं मला एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या 'हो'चा मला राग आला होता. नाताळच्या सुट्टीत मी आईला जवळजवळ तयार केलं होतं. एम.ए.ला मी पुण्यातच राहणार, मग तीही तिकडं येईल. दोघींना पुरेल अशी एक खोली आणि स्वयंपाकघर मी बघून ठेवलं होतं. घरमालकांची अट एकच होती, पाळीव प्राणी चालणार नाहीत. ती अट मी आईला फोनवर सांगितली होती. त्यानंतर पंधरा दिवसांनी नवाब घरी आला.

तर मी आले ती मनात ठरवूनच, की या पक्ष्याची कुठंतरी सोय लावायची. पण सोय लागेपर्यंत त्यानं गप्प बसणं गरजेचं होतं. वरच्या बिऱ्हाडातली मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती आणि तिची आई दर दोन दिवसांनी जिन्यातून खाली वाकून आमच्याकडं बघत होती. नवाब पहाटे सव्वापाचला सुरू व्हायचा. मग साडेनऊला, दुपारी घर निजल्यावर आणि संध्याकाळी सहाला तर विचारूच नका.

पहिल्या आठवड्यात मी केलेल्या चुका लिहून ठेवते. उद्या तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा पाहुणा आला तर उपयोगी पडतील.

पहिली चूक, तो ओरडला की मी धावत जाऊन "गप्प बस!" म्हणून ओरडायचे. त्याच्या हिशेबानं सौदा फार चांगला होता. आपण हाक मारली की ही बाई येते, वर तीही आपल्यासारखीच ओरडते. दुसरी चूक, भर दिवसा पिंजऱ्यावर चादर टाकणं. तो पाच मिनिटं गप्प व्हायचा आणि चादर काढली की सगळी बाकी चुकती करायचा. तिसरी चूक सर्वांत मोठी. मी पिंजरा उचलून पप्पांच्या खोलीत नेला. ती खोली घराच्या मागच्या बाजूला आहे, गल्लीचा आवाज तिथं पोचत नाही. म्हटलं, शांतता मिळाली की शांत होईल. पण त्या खोलीत तो इतका ओरडला, की त्याचा आवाज बसायची वेळ आली. दाणे तसेच पडून राहिले.

तिसऱ्या रात्री वादळ आलं. मे महिन्यातलं आमच्याकडचं वादळ म्हणजे शेतकऱ्यांच्या छातीत धस्स, कारण उभी केळी एका रात्रीत आडवी होते. दोनच्या सुमारास लाइट गेली आणि मागच्या खोलीतून पिंजऱ्यावर काहीतरी आपटल्याचे आवाज येऊ लागले. मोबाइलच्या उजेडात बघितलं तर नवाब अंधारात पंख झोडत या गजावरून त्या गजावर आदळत होता. पिंजऱ्याच्या तळाला रक्ताचे थेंब होते. मी हात आत घालायलाही घाबरले. आईनं टॉवेल घेतला, दोन्ही हातांनी त्याला अलगद गुंडाळला आणि म्हणाली, "उजेड दाखव." पंखातलं एक नवं पीस तुटलं होतं. नव्या पिसाच्या देठात रक्त असतं, ते तुटलं की नळ सुटल्यासारखं वाहतं. कस्टर्डसाठी आणलेलं कॉर्नफ्लोअर घरात होतं. ते लावून आईनं स्वच्छ कापडानं ती जागा दाबून धरली. वीस वर्षं ब्लाउजचे गळे कापणारे हात होते ते. जराही हलले नाहीत. तिच्या अंगठ्याखाली त्याचं काळीज किती जोरात धडधडत होतं, ते टॉवेलवरून दिसत होतं.

सकाळी एका पशुवैद्यांना फोन केला. त्यांनी आधी रक्त थांबलंय का ते विचारलं. मग म्हणाले, कॉकटीलना रात्री दचकायची सवयच असते. अंधारात आवाज झाला, सावली हलली की ते घाबरून उडायला बघतात. रात्री एक बारीक दिवा ठेवत जा. ओरडण्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आधी कुठं राहायचा हा?"

"लूमवाल्यांच्या घरी. खाली दोन माग चालायचे."

"आणि तुम्ही कुठं ठेवलाय?"

"घरातल्या सगळ्यात शांत खोलीत."

ते हसले. "ताई, रानात पाखरं एकदम चिडीचूप झाली, की त्याचा अर्थ काय असतो? शिकरा आला. तुम्ही त्याला दिवसभर शिकऱ्याच्या भीतीत बसवलंय."

मी फोन ठेवून पप्पांच्या खोलीत जाऊन बसले. जुलैपासून त्या खोलीत कुणी झोपलेलं नव्हतं. खरंच, फार शांत होती.

त्या दिवसापासून आम्ही नव्यानं सुरुवात केली. पिंजरा बैठकीच्या खोलीत आला. एका बाजूला भिंत, म्हणजे मागून कुणी येणार नाही याची त्याला खात्री. खिडकी थोडी दूर, ऊन-सावली दिसेल एवढीच. स्वयंपाकघर वर्ज्य, कारण नॉनस्टिकचा तवा फार तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी मरतात. मला हे आधी माहीत नव्हतं. तवा माळ्यावर गेला, लोखंडी तवा खाली आला. रात्री आठला पिंजऱ्याच्या तीन बाजू चादरीनं झाकायच्या आणि झीरोचा बल्ब चालू ठेवायचा. अशा पक्ष्याला दहा-बारा तास झोप लागते. आमच्या घरात रात्री अकरापर्यंत टीव्ही चालायचा, मग पहाटे त्यानं चिडून उठू नये तर काय? चाचांकडं तो सूर्यफुलाच्या बिया आणि बाजरी खायचा. बिया म्हणजे त्याचं फरसाण. ते एकदम बंद केलं तर तो उपाशी राहील, म्हणून रोज थोड्या बिया कमी आणि थोडी पालक, मेथी, किसलेलं गाजर, उकडलेला मका जास्त. पहिले आठ दिवस त्यानं मेथीकडं मी हॉस्टेलच्या भाजीकडं बघते तसं बघितलं. नवव्या दिवशी एक पान फाडलं.

ओरडण्याचं कोडं उलगडायला मात्र वेळ लागला. पोपट कळपात राहणारे. एकमेकांना दिसेनासे झाले की ते हाक देतात, "मी इथं आहे, तू कुठं?" उत्तर आलं की निवांत होतात. उत्तर आलं नाही की आवाज चढत जातो. म्हणजे त्याला गप्प करण्याचा उपाय गप्प राहणं नव्हताच, वेळेवर ओ देणं होता. तो किंचाळल्यावर धावायचं नाही, पण त्यानं साधी हाक दिली की दुसऱ्या खोलीतूनही लगेच उत्तर द्यायचं.

हे मला एका संध्याकाळी जपमाळेच्या वेळी पटलं. जपमाळ दोन भागांत चालते. अर्धी प्रार्थना एकानं म्हणायची, उरलेली अर्धी बाकीच्यांनी. आमच्या घरी पहिली अर्धी नेहमी पप्पांची असायची. मी स्वयंपाकघरात होते आणि आई आत एकटीच जपमाळ म्हणत होती. पहिली अर्धी तीच म्हणत होती आणि दुसरीही तीच. दहा महिने ती असंच म्हणत असणार. मी गॅस बंद केला आणि जाऊन तिच्या शेजारी बसले. नवाबानं प्रत्येक दशकाच्या शेवटी आपलीही ओळ घातली, त्याबद्दल देव त्याला क्षमा करो.

संध्याकाळी सहाच्या ओरडण्यात एक शिट्टी होती, तीन सुरांची, शेवटचा सूर वर जाणारा. ती तो नेहमी दाराकडं तोंड करून वाजवायचा. एका रविवारी चाचांचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा त्यानं ती वाजवली. पलीकडं चाचा एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "बेटा, वो मुन्नी को बुला रहा है. शाम को छत से उतारने के लिए मैं ऐसे ही सीटी मारता था." त्यांची नात फोनमध्ये तोंड खुपसून "नवाब, नवाब" करत होती. नवाबानं तुरा उभारला, पडद्याकडं बघितलं, मग पुन्हा दाराकडं बघितलं. कॉल संपल्यावर आई बराच वेळ ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छच होता.

त्याचं नाव बदलावं असं आमच्या मावशीचं मत होतं. पहाटे ओरडून सगळ्यांना जागं करतो, त्याचं नाव पीटर ठेवा, असं ती हसत म्हणाली होती. आई म्हणाली, "त्याचं घर गेलं, माणसं गेली. नाव तरी राहू दे."

शेजारच्या आजोबांचं मत वेगळंच होतं. "उडवून टाका, पुण्य लागेल." त्यांचा हेतू चांगला होता, पण नवाबाच्या कितीतरी पिढ्या पिंजऱ्यातच वाढल्या आहेत. त्याला इथलं झाड ठाऊक नाही, शिकरा ठाऊक नाही. तापीकाठी सोडला तर दुसऱ्या दिवशीच कावळे त्याला संपवतील. उलट गल्लीतला एक मुलगा म्हणाला, "दीदी, असली हरा तोता ला दूँ? वो बात भी करता है." त्याला बसवून सांगितलं, की आपले हिरवे पोपट पकडणं, विकणं आणि पाळणंही १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. त्याला खरं वाटेना, कारण अशा पिंजऱ्यांतून 'मिठू मिठू' ऐकतच तो मोठा झालाय. म्हणून त्याला संध्याकाळी शाही किल्ल्याकडं घेऊन गेले. त्या वेळी हिरव्या पोपटांचे थवे आरडाओरडा करत नदीकाठच्या झाडांवर परततात. तो मान वर करून बघत राहिला. मग म्हणाला, "ये तो नवाब से भी ज्यादा चिल्लाते हैं." ते खरं होतं. पण त्यांना कुणी ओ देत होतं.

हे सगळं चालू असताना पुण्याच्या घरमालकांचा फोन आला. पंधरा तारखेच्या आत डिपॉझिट द्या, नाहीतर खोली दुसऱ्याला देतो. त्या रात्री माझा बांध फुटला.

"तू मुद्दाम आणलास ना हा पक्षी?" मी आईला विचारलं. "पाळीव प्राणी चालत नाहीत हे तुला मी सांगितलं होतं."

मला वाटलं, ती नाही म्हणेल. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हो."

"म्हणजे?"

"चाचांनी विचारलं तेव्हा आधी तुझी पुण्याची खोलीच आठवली. मग हो म्हटलं. तुला सरळ नाही म्हणायचा धीर होत नव्हता."

मी खूप बोलले. एकटी कशी राहशील, रात्री काही झालं तर, माझं लक्ष अभ्यासात कसं लागेल. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इथून सगळ्यांना नेतातच गं. मुमताजलासुद्धा सहा महिन्यांनी उकरून नेलं. मला राहू दे. तुझ्या पप्पांना मी एकटं ठेवणार नाही."

बुऱ्हाणपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. मुमताज महल १६३१ साली आमच्या गावात वारली. तापीपलीकडं जैनाबादला, आहूखान्यात तिला पुरलं होतं. सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला आणि पुढं तिथं ताजमहाल झाला. जगाला ताजमहाल दिसतो. आमच्या गावाला ती रिकामी झालेली जागा दिसते. लहानपणी सहलीला गेलो की शिक्षक ती जागा दाखवायचे आणि आम्ही डबे उघडायचो. आईच्या मनात त्या जागेचा असा अर्थ असेल, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

मला झोप लागली नाही. वर्गात आपण शुकसप्ततीबद्दल वाचलं होतं, ते आठवत राहिलं. नवरा परदेशी गेलेला, बायको रात्री घराबाहेर पडायला निघते आणि घरातला पोपट रोज एक गोष्ट सांगून तिला अडवून धरतो. सत्तर रात्री, सत्तर गोष्टी. मराठीत आल्यावर त्यात दोन वाढल्या आणि शुकबहात्तरी झाली. फारसीत तोच पोपट तूतीनामा होऊन गेला आणि अकबरानं त्याची चित्रांची पोथी करवून घेतली. वर्गात मी हात वर करून म्हटलं होतं, की पोपट हा नवऱ्याचा पहारेकरी आहे, बाईला घरात कोंडणारा. मार्क चांगले मिळाले होते. पण आमच्या घरात बाईनं स्वतः जाऊन पोपट आणला होता, आपल्याला कुणी बाहेर नेऊ नये म्हणून. हा मुद्दा माझ्या उत्तरात नव्हता.

सकाळी मी घरमालकांना नाही कळवलं. आईला मोठेपणानं वगैरे काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "खोली गेली." ती "बरं" म्हणाली आणि मला दुसरी पोळी वाढली.

मशीनची गोष्ट त्यानंतरची. आईचं शिलाई मशीन जुलैपासून चादरीखाली होतं. पप्पांनी त्याला छोटी मोटर बसवून दिली होती. त्या मोटरीचा पट्टा सैल झालेला, पण आता तो कुणाला सांगायचा, म्हणून ते तसंच राहिलं. शिवायला येणाऱ्या बायकांना आई "सध्या नाही" सांगत होती. एका दुपारी मला माझ्या कुर्त्याची बाही उसवायची होती, म्हणून मी चादर काढली. पप्पांच्या पेटीतला पाना घेऊन मोटर थोडी मागं सरकवली, पट्टा ताणला गेला. बघायला म्हणून एक जुनं फडकं मशीनखाली घातलं. खटखटखटखट.

नवाब दुपारचं ओरडत होता. तो थांबला.

मी मशीन थांबवलं. तो दांडीवर सरकत सरकत माझ्या बाजूच्या टोकाला आला. मान तिरकी केली. मी पुन्हा चालवलं. त्यानं तुरा खाली सोडला, एक पाय पोटात ओढून घेतला आणि डोळे मिटले. मागाचा ठेका आणि मशीनचा ठेका एक नाही, हे मलाही कळतं. पण घरात कुणीतरी काम करतंय, म्हणजे सगळं ठीक आहे, एवढं त्याला त्यातून पोचत असावं.

आई दारात उभी होती. "बाजूला हो," म्हणाली, "दोरा किती सैल लावलायस." आणि बसली.

आता सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. नवाब पहाटे आणि तिन्हीसांजेला दहा-पंधरा मिनिटं ओरडतोच. ते त्याचं हक्काचं आहे, ते कुणी काढून घेऊ नये. आईनं वरच्या बिऱ्हाडातल्या मुलीचे दोन ड्रेस फुकट शिवून दिले, तेव्हा जिन्यातलं वाकून बघणं अर्ध्यावर आलं. मी अजून रात्री फोन वाजला की दचकते. आई एकटी आहे ही काळजी एका पक्ष्यानं संपत नाही. फक्त तिनं काय ठरवलंय, ते आता मला माहीत आहे.

निघायच्या आदल्या रात्री मी बैठकीतच झोपले. झीरोचा बल्ब चालू होता. चादरीआडून एक बारीक करकर ऐकू येत होती, उंदरानं लाकूड कुरतडावं तशी. मी उठून बघितलं. नवाब डोळे मिटून चोच चोचीवर घासत होता. निर्धास्त झोपायला निघालेले पोपट असं करतात, हे मी वाचलं होतं. ऐकलं त्या रात्री पहिल्यांदाच.

एकच काम राहिलं होतं. संध्याकाळच्या त्या तीन सुरांच्या शिट्टीला महिनाभर मी उत्तर देत होते. शिट्टी मला पप्पांनी शिकवली होती, आईच्या नाराजीला न जुमानता. मी गेल्यावर उत्तर कोण देणार? आईला जन्मात शिट्टी वाजवता आली नाही. "बाईमाणसानं शिट्टी वाजवायची?" म्हणून ती हसत होती. शेवटच्या दिवशी तिनं ओठांचा चंबू केला, तर नुसती हवा आली.

आता रोज संध्याकाळी सहाला मी हॉस्टेलच्या गच्चीवरून घरी फोन करते. आधी मशीनचा आवाज येतो, तो थांबतो. मग नवाबाचे तीन सूर. मग बराच वेळ फुस्स, फुस्स, आणि तिचं हसणं. परवा तिसऱ्या सुराला काहीतरी खरंच वाजलं. नवाब गप्प झाला होता. "ऐकलंस का?" आईनं विचारलं.

ऐकलं.